अकरावा रुपया

"गोष्ट सांगू नका, नाणं द्या."

एवढं बोलून ते पंजा पुढे करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. रुपया हातात पडला की तो डाव्या तर्जनीच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या रुपयाच्या कडेने त्याला हलकेच टोकायचं आणि मान वाकडी करून कान जवळ न्यायचा. आपण समोर श्वास रोखून उभे. मग एक डोळा उघडायचा. दुसराही उघडला तर नाणं खरं. एकच उघडला आणि तो आपल्यावर रोखलेला राहिला, तर आपण फसलो आहोत, हे शेजारच्या चहावाल्यालाही कळायचं.

गुलमंडीत एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर हे पटवेकरी काका बसत. पटवेकरी म्हणजे दागिने ओवून देणारा. सोन्याचे मणी, पुतळ्या, चांदीचे जुने रुपये रेशमी दोऱ्यात ओवायचे, दोन नाण्यांमध्ये गाठ मारायची, शेवटी लाल गोंडा बांधायचा, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताण धरायचा, ही त्या कामाची रीत. त्यामुळे काकांचं उठणं हा एक कार्यक्रमच असायचा. आधी अंगठा सोडवायचा, मग गुडघे सरळ करायचे, मग ज्याच्यामुळे उठावं लागलं त्याला चार शब्द सुनावायचे.

मी तेव्हा औरंगपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो आणि नाणी जमवायचो. काका मला मास्तर म्हणत. मी मास्तर नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, मग सोडून दिलं.

पहिल्या भेटीतच माझी शोभा झाली. लेण्यांच्या रस्त्यावर एका माणसाने मला राणी छाप रुपया दिला होता. शेत नांगरताना हंडा लागला, कुणाला बोलू नका, असं त्याने दोनदा मागे वळून बघत सांगितलं होतं. ही सगळी हकिकत मी काकांना ऐकवायला लागलो, तेव्हा त्यांनी डोळे मिटून पंजा पुढे केला. रुपया वाजवला. ठक्क.

"हंडाच वाजला की मास्तर," ते म्हणाले. "रुपया कुठंय?"

मग त्यांनी डब्यातून एक भिंग काढलं आणि तासभर मला शिकवलं. खऱ्या रुपयाच्या कडेचे दात सरळ आणि एकसारखे असतात. साच्यात ओतलेल्याच्या कडेला मधोमध जोड दिसतो आणि अंगावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे असतात. रुपया हातोहाती फिरतो तेव्हा आधी राणीचा गाल झिजतो, केस झिजतात. खोलगट अक्षरांची पाळी फार उशिरा येते. "ह्याच्याकडं बघा," माझा रुपया नाचवत ते म्हणाले, "गाल, केस, अक्षरं, सगळं सारखंच झिजलंय. असं सगळीकडून सारखं म्हातारं कुणी होत नाय."

मी खिशातून लोहचुंबक काढलं. ते हसले. "चुंबकाला लोखंड कळतं, चांदी नाय. आणि आता कुठला चोर लोखंड घालतो? मियाँ, चोर तुमच्या पुढं गेले."

मी हार मानणारा नव्हतो. पुढच्या खेपेला निजामाचा, चारमिनार असलेला रुपया प्रयोगशाळेच्या तराजूत तोलून आणला. तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कमी भरत होता. खोटा आहे, असं मी त्यांनाच ऐटीत सांगितलं. काकांनी तो वाजवला आणि दोन्ही डोळे उघडले. इंग्रजांचा रुपया, ज्याला आमच्याकडे कलदार म्हणत, तो एक तोळ्याचा. निजामाचा हाली रुपया मुळातच त्याहून हलका पाडलेला. "निजामाला इंग्रजाच्या वजनात तोलताय व्हय?" काकांनी विचारलं आणि ही गंमत त्या दिवशी पायरीवर आलेल्या प्रत्येकाला सांगितली. एक बाई नुसती पत्ता विचारायला आली होती. तिलाही सांगितली.

तुम्हीही नाणी जमवत असाल तर त्यांचे आणखी दोन नियम सांगून ठेवतो. नाण्याला चिंचेने, टूथपेस्टने घासायचं नाही. "त्याचं वय धुऊन जातं, मग आम्ही काय वाचायचं?" आणि घाईत असलेल्या माणसाकडून नाणं घ्यायचं नाही. तिसरा नियम त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. कुणी दोन-चार खोटी नाणी खऱ्यांत मिसळून माळ करून मागितली, तर ते डबा बंद करत. "दोऱ्यात खोटं ओवत नाय." पुढे कितीही विनवण्या करा, तो डबा उघडायचा नाही.

आपल्या कानाचा त्यांना भारी अभिमान होता. थंडीत कापूस, गणपतीत कापूस, लग्नाची वरात दिसली की कापूस. महिन्यातून एकदा ते शहागंजात एका खास माणसाकडून कान साफ करून घेत आणि गवयाने तंबोरा लावून यावं तसे तृप्त होऊन परत येत. हाच कान काकूंनी सांगितलेली भाजी मात्र कधी ऐकत नसे.

मग तो उन्हाळा आला. सलग दोन वर्षं पाऊस फिरकला नव्हता. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्याच शहराच्या चारी बाजूंनी नव्या इमारतींच्या पाट्या लागत होत्या, 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेल्या. काकांच्या पायरीवर खेड्यातल्या बायकांची गर्दी वाढली. त्या माळा ओवायला येत नव्हत्या, सोडवायला येत होत्या. सराफ्यात माळ मोडायची, तर आधी काकांना दाखवून खात्री करून घ्यायची, म्हणजे तिथे कुणी गंडवणार नाही. काका माळेला कात्री लावत नसत. एकेक गाठ नखाने सोडवत. बाईला वाटलं तर मधेच थांबता यावं म्हणून असेल. त्या दिवसांत त्यांची चेष्टा जरा कमी झाली होती.

अशाच एका दुपारी ते शहागंजात कान साफ करायला गेले आणि डब्याची राखण माझ्याकडे देऊन गेले. मी त्यांच्या जागेवर बसलो. खोटं कशाला बोलू, मी अंगठ्यात दोराही अडकवून पाहिला.

"म्हातारबाबा न्हाईत व्हय?"

साठीची बाई होती. पायांवर धूळ, खांद्यावर घोंगडी, हातात फडक्याची गाठोडी. ती पाचोडकडून आली होती. घरची मेंढरं होती. "छावनी सुरू झाली, पर ती गाई-म्हशींची," ती म्हणाली. "मेंढराला तितं कोन घेतंय? इकतचा चारा आनावा लागतोय." तिने फडकं सोडलं. आत अकरा चांदीच्या रुपयांची माळ होती. तिच्या बापाने लग्नात घातलेली, काकांनीच कधीकाळी ओवलेली. सराफ्यात जायच्या आधी ती काकांना दाखवायची होती.

बसा मावशी, तासाभरात येतील, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी काकांच्या जागेवर बसलो होतो ना. मी डोळे मिटून पंजा पुढे केला. माळ एका हातात धरून एकेक रुपया टोकत गेलो. ठक्क. ठक्क. ठक्क. अकराही तसेच.

"मावशी, खोटे आहेत."

"सगळेच?"

"सगळेच."

"अकराच्या अकरा?" तिने पुन्हा विचारलं. मी गंभीरपणे मान हलवली. तिने माळ माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "शिकलेला दिसतूस बाबा. तू म्हनतूस तर असंल." माळ फडक्यात बांधून ती उठली. सराफ्याच्या बाजूला गेलीच नाही, सरळ बसस्टँडच्या दिशेने गेली. जाताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बा बी नाय आता इचारायला."

काका ताजे कान घेऊन परतले. मी मोठ्या हुशारीने सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "रुपयांना कड्या होत्या का?"

"होत्या की. त्याशिवाय दोरा कुठून जाणार?"

काकांनी डब्यातून दोन रुपये काढले. एक साधा, एक माळेतला, वर कडी डाग देऊन, म्हणजे झाळून बसवलेला. दोन्ही माझ्यासमोर पायरीच्या फरशीवर टाकले. साधा रुपया टण्ण वाजून कितीतरी वेळ घुमत राहिला. कडीवाला म्हणाला, ठक्क.

"दोन्ही खरे," काका म्हणाले. "डाग दिलेला रुपया गात नाय, मास्तर. त्याला कानानं नाय, डोळ्यानं बघायचं. कड बघितली का? दात बघितले का?"

कधी नव्हे ते काका ओरडले नाहीत. "तुम्ही एका बाईच्या मेलेल्या बापाला चोर ठरवलं," एवढंच म्हणाले आणि माझ्या अंगठ्यातला दोरा सोडवायला लागले. मला इतकी लाज वाटली की आज हे लिहितानाही कान गरम होतात.

पाचोडचा आठवडी बाजार चार दिवसांवर होता. तिचं नाव मी विचारलं नव्हतं, वस्ती विचारली नव्हती. बाजारात सापडली तर सापडली. कित्येक वर्षं गुलमंडी न सोडलेले काका कानांत कापूस घालून, मांडीवर डबा घेऊन एसटीत माझ्याशेजारी बसले आणि हॉर्न वाजला की दर वेळी माझ्याकडे असे बघत, जणू तो मीच वाजवत होतो.

बाजारात मेंढरंच मेंढरं होती. विकणारे फार, घेणारे थोडे. काका एका लिंबाखाली बसले, अंगठ्यात दोरा अडकवला आणि कुणाचा तरी तुटलेला सर ओवायला घेतला. "तुम्ही हिंडा," म्हणाले. मी हिंडायला लागलो. बाईचा चेहरा मला नीट आठवेना, माळ मात्र लख्ख आठवत होती. म्हणून मी दिसेल त्या बाईच्या गळ्याकडे बघत चाललो होतो. व्हायचं तेच झालं. "मेंढरं बघाय आलाय का बाया?" एका पागोटेवाल्याने हटकलं. पाठोपाठ एक आजी कडाडल्या, "माज्या गळ्यात काय घावलं का रं तुला?" मी मुकाट्याने लिंबाखाली परत आलो. काका डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते.

हसता हसता ते थांबले. "मास्तर, बायका सोडा," ते हळूच म्हणाले. "तो एडका बघा."

पलीकडे एक दांडगा काळ्या तोंडाचा एडका उभा होता. त्याच्या गळ्यात, लोकरीत रुतलेली, विटक्या लाल गोंड्याची ती माळ होती. एका व्यापाऱ्याने त्याचं शिंग धरलं होतं आणि शेजारी तीच बाई मान खाली घालून उभी होती.

काका उठून पळाले. अंगठा सोडवायचं विसरले. दोऱ्याची रीळ डब्यातून उडी मारून त्यांच्यामागे निघाली, दोरा दोन शेळ्यांच्या पायांतून गेला, आणि रीळ उचलत मी मागे. पाचोडच्या बाजाराने असला तमाशा पाहिला नसेल.

"बाई, थांबा!" काका धापा टाकत म्हणाले. "एडका इकायचा तर इका, पर माळ काढा आधी. खरी हाय ती."

तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो तर खोटी म्हनला. मंग म्हनलं, खोटीच हाय तर एडक्याला शोभंल."

"त्याला कळत नाय. मास्तर हाय तो."

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो. यापेक्षा मोठं काही सुचलं नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "माजं कातडं सांगत व्हतं, खरी हाय म्हनून," ती म्हणाली. "पर म्हनलं, एवडा शिकलेला मानूस सांगतोय, तर माजं कातडंच खोटं बोलत असंल. चार मेंढरं गेली बग सकाळधरनं, मातीच्या मोलानं."

मी वाकून एडक्याच्या लोकरीत रुतलेली माळ मोकळी करायला लागलो.

व्यापारी शिंग सोडून निघून गेला. काकांनी माळ हातात घेतली, भिंग लावलं आणि एकेक रुपया बघत गेले. कड, दात, गाल. "खरा. खरा. हाही खरा." मानेच्या मागे येणाऱ्या रुपयाशी ते थबकले. पण ते रुपया बघत नव्हते, त्याच्या शेजारची गाठ बघत होते.

"ही गाठ माझी नाय," ते म्हणाले. "बाकीच्या सगळ्या माझ्या. ही मेंढरू बांधायची गाठ हाय." मग त्यांनी त्या रुपयाची कड बघितली. मधोमध जोड होता. ते तिच्याकडे बघेनात. एवढ्या गडबडीने खरी म्हणून सांगितलेल्या माळेत एक खोटा निघाला होता.

"ठावं हाय मला," बाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "मालकानं बांदली ती. एक रुपाया गुपचूप इकला आन रेडू आनला. मला म्हनला, बक्षीस गावला. खोटा रुपाया आनून मागच्या बाजूला बांदला, पदराखाली, मला दिसू नये म्हनून."

"मग कळलं कसं?" मी विचारलं. माझ्यातला प्रयोगशाळा सहायक अशा वेळीही गप्प बसत नाही.

"आंगुळ करून माळ घातली की धा रुपये लगीच ऊन व्हत्यात. ह्यो येकटा मानंला लई येळ गार लागतो. पयल्या दिशीच कळलं. पर बोलले न्हाय. रातच्याला गानी चांगली लागायची की रेडूवर."

तराजू नाही, चुंबक नाही, भिंग नाही. चांदी उष्णता पटकन घेते हे मी पोरांना दरवर्षी सांगत होतो, आणि ही बाई ते मानेने मोजत आली होती. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, असं तिने मागाहून सांगितलं.

दहा रुपये विकायचे ठरले. काकांनी तिथेच लिंबाखाली बसून नखाने आपल्या गाठी सोडवल्या. सगळ्या सुटल्यावर दोऱ्याच्या लहानशा तुकड्यावर तो अकरावा तेवढा राहिला.

"ह्यो मला गळ्यात बांदून द्या," बाई म्हणाली. "ह्यो कुनी घेत न्हाय. माज्याकडंच ऱ्हाईल."

मला ठाऊक होतं काका काय म्हणणार, आणि ते म्हणालेच. "दोऱ्यात खोटं ओवत नाय, बाई. आजवर ओवलं नाय."

"खोटं कुटं हाय? मालकाचं हाय."

काकांनी एकदा समोरच्या एडक्याकडे बघितलं. मग त्यांनी डब्यातला सगळ्यांत चांगला लाल दोरा काढला, अंगठ्यात अडकवला आणि तो एकटा रुपया दोन्ही बाजूंनी गाठी मारून पक्का केला. जुन्या तुकड्याला हात लावणार तोच ती म्हणाली, "ती गाठ ऱ्हाऊ द्या." त्यांनी राहू दिली. नवा दोरा त्या गाठीच्या बाजूने असा काही नेला की ती आत जपली गेली. एवढं सुबक काम मी त्यांच्या हातून क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सराफ्यात काका स्वतः तिच्यासोबत उभे राहिले. भाव नीट मिळाला. उरलेली मेंढरं घेऊन ती धरणाच्या बाजूला गेली. पाणी हटलेल्या गाळात तिथे थोडं हिरवं उगवलं होतं म्हणे.

त्यानंतर काका नाणं वाजवून झालं की ते गिऱ्हाइकाच्या मुठीत देत. "धरा. गारच ऱ्हातो का सांगा. ही बाईंची परीक्षा." मला वाटायचं, चेष्टा करताहेत. नंतर लक्षात आलं की त्यांचा कान उतरत चालला होता. हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही ओळखल्याचं दाखवलं नाही. तेवढं शहाणपण मला आलं होतं.

दोन उन्हाळ्यांनंतर काका गेले. कापडाच्या दुकानाला काचेचं दार बसलं, पायरी तोडून तिथे चकचकीत फरशीचा उतार केला, शहराचं नाव बदललं. काकूंनी त्यांच्या डब्यातली लाल दोऱ्याची रीळ माझ्या हातात ठेवली. "तुमच्यावर लई राग होता त्यांचा," त्या म्हणाल्या, "रोज तुमचं नाव काढायचे." ती रीळ मी नाण्यांच्या कपाटात ठेवली आहे.

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी गुलमंडीतून चाललो होतो. त्या काचेच्या दारासमोर एक म्हातारी इकडेतिकडे बघत उभी होती. खांद्यावर घोंगडी. मला बघून तिने डोळे बारीक केले.

"म्हातारबाबा न्हाईत व्हय?"

"नाहीत, मावशी," मी म्हणालो. तासाभरात येतील, असं या वेळी म्हणताच येणार नव्हतं.

तिला कळलं. तिने पदराखालून तो रुपया काढून दाखवला. दोरा झिजून तुटायला आला होता. मी तिला चहाच्या टपरीवर बसवलं, घरी जाऊन रीळ घेऊन आलो आणि तिच्यासमोर रस्त्याच्या कडेला मांडी घातली. चप्पल काढली. दोरा अंगठ्यात अडकवला. येणारेजाणारे बघत होते. काका असते तर त्यांनी मला धड बसताही येत नाही हे सगळ्या गुलमंडीला बोलावून दाखवलं असतं, आणि त्यांनी ते दाखवावं असं मला फार वाटलं.

गाठी माझ्याच्याने जेमतेम जमल्या. आतली मेंढराची गाठ मी सोडली नाही. ओवून झाल्यावर सवयीने रुपया नखाने वाजवला. ठक्क.

म्हातारी कान देऊन बसली होती. "आजून खोटाच हाय न्हवं?" तिने काळजीने विचारलं.

"हो मावशी. पक्का खोटा."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तो गळ्यात घालून तिने वरून पदर नीट केला.